आमच्या बाईंचं सोवळं

"हात दाखव."

बाई भेटल्या की पहिलं वाक्य हेच. कशी आहेस नाही, कुठून आलीस नाही. आपण मुकाट्यानं दोन्ही हात पुढे करायचे, आधी पालथे, मग उताणे. बाई मान वाकडी करून नखं बघणार, बोटांच्या बेचक्या बघणार आणि मग म्हणणार, "हं, आता बोल." हे इस्पितळात चालायचं, बाजारात चालायचं, लग्नाच्या मांडवातही चालायचं. माझ्याच लग्नात मी पाया पडायला वाकले, तर आशीर्वाद द्यायच्या आधी बाईंनी माझे हळदीचे हात उलटून पाहिले! माझ्या चुलतसासऱ्यांना वाटलं, या बाई भविष्य बघतात. त्यांनी मोठ्या उत्सुकतेनं आपलाही हात पुढे केला. बाईंनी तो नीट निरखला आणि म्हणाल्या, "नखं कापा, मामंजी."

तुमच्याही ओळखीत अशी माणसं असतील, ज्यांना एकाच गोष्टीचं वेड असतं आणि त्या वेडापायी ती सगळ्यांना भंडावून सोडतात. आमच्या बाईंना वेड होतं न दिसणाऱ्या गोष्टींचं.

पन्नासचं दशक सरत आलं होतं. अमरावतीच्या एका इस्पितळात आम्ही दहा-बारा मुली नर्सिंग शिकत होतो आणि बाई आमच्या सिस्टर ट्यूटर. ठेंगण्या, सावळ्या, कडक खळ घातलेलं पांढरं पातळ, आणि आवाज असा की पुरुषांच्या वॉर्डात बोलल्या तर बायकांच्या वॉर्डातल्या उठून बसाव्यात. मांजर आडवं गेलं तरी सायकलची घंटी वाजवत त्याला हात धुवायला सांगतील, असं आम्ही म्हणायचो.

बाजारातल्या गिला वडेवाल्याचीही, गिला वडा म्हणजे आमच्याकडचा दहीवडा, त्यांनी सुटका केली नाही. भर गर्दीत "हात दाखव" म्हणाल्या. बिचाऱ्यानं दाखवले. बाईंनी दुसऱ्या दिवशी त्याला लाल औषधाची पुडी नेऊन दिली आणि बादलीत टाकून त्यात हात बुडवत जा म्हणून बजावलं. झालं! ती गुलाबी बादली गाडीपाशी बघून गिऱ्हाइकं विचारायला लागली, "सरबत कसं दिलं?" वडेवाला वैतागला, पण बादली काही त्यानं काढली नाही. बाई रोज संध्याकाळी सायकलवरून डोकावून जायच्या ना.

आमची पुस्तकं इंग्रजी. त्यातले शब्द एकेक असे की दातात अडकावेत. बाईंचं इंग्रजी चांगलं होतं, त्यांना ती सगळी पानं पाठ होती, पण शिकवायच्या मात्र अस्सल वऱ्हाडीत. कुणी घोकलेली व्याख्या घडाघडा म्हटली की हात वर करून थांबवायच्या.

"शब्द मले माहीत हाये. अर्थ सांग."

"बाई, जंतू दिसतच नाहीत, मग अर्थ कसा सांगायचा?" मी एकदा विचारलं.

"दिसत नाई, म्हणूनच तं नाव द्या लागते, वं! दिसलं असतं तं काठीनं नसतं मारलं?"

आणि मग बाई रंगात यायच्या. अहो, काय सांगू तुम्हाला! खुर्ची मागे सरकायची, खडू मोडायचा. "हे पाहा. पावना तुमच्या ओट्यावर येऊन बसला. हे झालं कंटॅमिनेशन. झाडू मारला, पानी टाकलं, गेला. आता तो ओसरीत मुक्कामाले राह्यला. खाते, पिते, झोपते, कोनाले तरास नाई. हे काय झालं? कॉलनायझेशन. अन् एक दिवस तो सैपाकघरात घुसला, गाडगी फोडली, चूल इझवली. हे झालं इन्फेक्शन! घर तेच, पावना तोच. काय करून राह्यला, ते पाहा लागते."

"आणि कॅरियर म्हणजे, बाई?"

"कॅरियर म्हणजे ते घर, ज्याच्या ओसरीत पावना निजते अन् चोरी शेजाऱ्याकडं करते. घरवाल्याले पत्ताच नाई! तो म्हणते, माह्या घरी तं सारं ठीक हाये, बापा."

आम्ही हसून हसून लोळायचो, आणि परीक्षेत पाहुणा आठवून बरोबर उत्तर लिहायचो. साफ करणं, डिसइन्फेक्शन आणि स्टरलायझेशन यांतला फरकही बाईंनी तीन शब्दांत सांगितला होता: झाडलं, सारवलं, जाळलं. आजही मला कुणी विचारलं तर मी हेच सांगेन.

आमचे लॅबचे डॉक्टर पुण्याचे, तरुण आणि लाजरे. बाईंचं "मी जातो, मी सांगतो" त्यांना पहिले सहा महिने पचलं नाही. वऱ्हाडात बाया असंच बोलतात, हे त्यांना कोण सांगणार? पण पुढे पुढे तेही दाराआड उभं राहून बाईंचा तास ऐकायला लागले.

आमच्यात परतवाड्याहून आलेली मालती होती. तिच्या घरी कडक सोवळं. आणि बडनेऱ्याची पंचफुला होती, रेल्वेतल्या खलाशाची मुलगी. दोनेक वर्षांपूर्वी त्यांच्या घरानं बौद्ध धर्म घेतला होता, पंचफुलाच्या पेटीत बुद्धाची लहानशी तसबीर असायची. त्यांच्या मोहल्ल्यातली मॅट्रिक झालेली ती पहिलीच मुलगी. बोलायची कमी, पण हात असे स्वच्छ की बाईंनी तपासायचेही सोडले होते.

एकदा ड्रेसिंगचा ट्रे मांडण्याची परीक्षा होती. मालतीनं चिमटे उकळले, कापड पसरलं, सगळं ठाकठीक केलं. पंचफुला मदतीला जवळ आली तशी मालती पटकन म्हणाली, "तू लांब उभी राहा हं, शिवशील." आणि असं म्हणता म्हणता तिचा पदर घसरला, तो तिनं हातमोजा घातलेल्या हातानं खांद्यावर घेतला.

"फेक," बाई म्हणाल्या.

"काय, बाई?"

"सारं फेक. मोजे फेक, चिमटे पुन्हा उकळ."

मालती रडवेली झाली. "पण तिनं हात लावला नाही, बाई!"

"तिनं नाई लावला. तू लावला, पदराले. तुह्या सोवळ्यात पदर चालत असंन, माह्या सोवळ्यात नाई चालत. अन् आयक. तुह्या सोवळ्यात दुसऱ्यानं शिवायचं नसते. माह्या सोवळ्यात आपनच आपल्याले शिवायचं नसते. इथलं सोवळं वीस मिनिटं उकळल्यावर येते, जन्मानं कोनाले येत नाई."

 मालतीनं सगळं पुन्हा उकळलं, आणि खरं सांगते, पुढे तिच्यासारखा ट्रे कुणी मांडला नाही.

आता बाईंची दुसरी बाजू सांगते. त्यांचा खरा जीव होता बाळंतिणींच्या वॉर्डात. त्यांना स्वतःला मूल नव्हतं. कुणी त्याबद्दल विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. पण सकाळी राउंडला आल्या की या वाघिणीचं लोणी व्हायचं. आधी कोपरापर्यंत हात धुवायच्या, मग एकेका पाळण्यापाशी वाकायच्या, तोंडावरची पट्टी हनुवटीखाली ओढायच्या आणि म्हणायच्या, "त्याले माहं थोबाड तं दिसू द्या!" मग बाळाच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून, स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडून त्याची आलाबला घ्यायच्या. दृष्ट काढायची आपल्याकडची रीतच ती. एक बाळ चुकायचं नाही. बाळंतिणी वाट बघायच्या. बाईंनी आलाबला घेतली नाही तर त्या दिवशी आयांना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

आमची त्या वॉर्डात ड्यूटी सुरू झाली आणि थोड्याच दिवसांत बाळांच्या अंगावर पुटकुळ्या दिसायला लागल्या. आधी एकाच्या मांडीत, मग दुसऱ्याच्या बगलेत, पिवळ्या पुवाच्या. पेनिसिलीन दिलं तरी हटेनात. एका बाळंतिणीच्या छातीत गळू झालं. एक बाळ तर फार आजारी पडलं, दूध पिणंच सोडलं त्यानं. बाईंच्या तोंडचं पाणी पळालं. चादरी उकळल्या, पाळणे घासले, भिंती धुतल्या, तरी नव्या पुटकुळ्या येतच राहिल्या.

आणि मग कुजबुज सुरू झाली. त्या आजारी बाळाची आजी, चांगल्या घरची बाई, भर वॉर्डात म्हणाली, "ते बडनेऱ्याची पोट्टी इथं आली तेव्हापासून हे चालू झालं. आमच्या लेकराले तिनं हात कायले लावला?" दुसऱ्या बाईनं री ओढली. दोन दिवसांत सगळा वॉर्ड तेच बोलायला लागला. आमच्या इस्पितळाच्या मेट्रन मनानं वाईट नव्हत्या, पण भित्र्या होत्या. त्यांनी पंचफुलाला बोलावून सांगितलं, उद्यापासून या वॉर्डात येऊ नकोस.

आता यात काय एवढं, असं तुम्हाला वाटेल. पण बाळंतपणाच्या वॉर्डातली ड्यूटी पुरी झाल्याशिवाय परीक्षेला बसता येत नसे. म्हणजे पंचफुलाचं शिक्षणच संपलं! तिचे वडील बडनेऱ्याहून आले. खाकी कपड्यातच, कामावरून सुटून तसेच. व्हरांड्यात टोपी हातात धरून उभे राहिले. "काय चुकलं माह्या पोरीचं, तेवढं सांगा. मंग घेऊन जातो," एवढंच म्हणाले.  मला इतका संताप आला होता की हातातलं थर्मामीटर मी मोडलं.

तेवढ्यात बाई आल्या. सगळं ऐकून घेतलं आणि वडिलांना म्हणाल्या, "तिले नेऊ नका, बापा. तीन दिवस थांबा." मग मेट्रनकडे वळल्या. "तुमी म्हनता हे पोरगी सोर्स हाये. असंन. नसंन. पन सोर्स तोंड पाहून ठरत नाई, आजीच्या म्हनण्यानं ठरत नाई. सोर्स शोधा लागते. हा पावना नाकात मुक्काम करते. साऱ्याइचे नाकं तपासतो मी. साऱ्याइचे!"

"म्हणजे माझंही?" मेट्रननी विचारलं.

"तुमचं, माहं, डॉक्टरचं, झाडूवालीचं. नाक हाये ना? मंग द्या."

काय धमाल उडाली त्या दिवशी! लॅबचे डॉक्टर कापूस गुंडाळलेल्या काड्या घेऊन फिरताहेत, मोठे सर्जन शिंका देताहेत, मुकादम पळून गेलेला आणि बाई त्याला अंगणातून कान धरून आणताहेत. डॉक्टरांनी काचेच्या ताटल्यांत मेंढीचं रक्त घातलेली तांबडी जेली थिजवली होती, जंतू उगवायला. प्रत्येकाच्या नाकातलं त्या ताटलीवर ओढलं, आणि मधोमध टिपकागदाची एक चकती ठेवली, पेनिसिलीनच्या इंजेक्शनात भिजवलेली. पेनिसिलीनला घाबरणारा जंतू असेल तर चकतीभोवती मोकळं रिंगण पडणार. बाळांच्या पुवातला जंतू मात्र थेट चकतीला जाऊन भिडत होता, सोनेरी दाण्यांचा. तसाच दुसरा कुणाकडे सापडतो का, हे बघायचं.

ताटल्या वाचायच्या दिवशी बाईंनी वर्ग भरवला. मेट्रनना बसवलं, पंचफुलाच्या वडिलांनाही बसवलं.  पंचफुला माझा हात गच्च धरून बसली होती. डॉक्टर एकेक ताटली पुढे करत होते आणि आम्ही वाचत होतो.

गंमत अशी की जंतू सगळ्यांच्याच नाकात निघाले. माझ्या, मालतीच्या, सर्जनच्या. मेट्रनच्या ताटलीत तर जत्रा भरली होती. त्या लाल झाल्या. पण सगळीकडे चकतीभोवती रिंगण होतं. पंचफुलाची ताटली आली. बाईंनी ती उजेडाकडे धरली, मग तिच्या वडिलांच्या हातात दिली. "पाहा, बापा. हे मधात मोकळं दिसते का?"

"दिसते, बाई."

"मंग तुमच्या पोरीनं कोनाले काई केलं नाई." त्यांनी टोपीनं डोळे पुसले.

 डॉक्टरांनी ट्रे उचलला आणि निघाले. बाई म्हणाल्या, "एक राह्यली."

"ती जरा नीट उगवली नाही," डॉक्टर खाली बघत पुटपुटले.

"आना ते इकडं."

डॉक्टरांनी ती ताटली आणून ठेवली. सोनेरी दाणे दाटीनं उगवले होते आणि चकतीला अगदी चिकटले होते, रिंगणाचा पत्ता नाही. बाईंनी ताटली उलटी करून मागं लिहिलेलं नाव वाचलं. नाव त्यांचं स्वतःचं होतं.

क्षणभर त्यांचा चेहरा असा झाला की मला बघवेना. आणि मग, तुम्हाला खोटं वाटेल, पण बाई टेबलावर थाप मारून ओरडल्या, "सापडला! पोट्ट्याहो, सापडला! या, साऱ्या जवळ या. पुस्तकात वाचलं होतं ना कॅरियर? आता डोळ्यानं पाहून घ्या. ताप नाई, दुखनं नाई, दोन भाकरी खाते, अन् अशी उभी राहाते तुमच्यापुढं!"

 बाईंचे डोळे चकाकत होते, ते कशानं ते मला तेव्हा कळलं नाही.

"सोर्स भेटला. आता मार्ग सांगा. नाकातून लेकराच्या आंगावर कसा गेला? पंचफुला, तू सांग."

पंचफुला उभी राहिली. ती कधी ताटलीकडे, कधी बाईंकडे बघत राहिली.

"सांग. तुले माहीत हाये."

"बाई... आलाबला," ती म्हणाली. "तुमी नाकावरची पट्टी हातानं खाली ओढता, मंग गालाले हात लावता. मंग तोच हात दुसऱ्या लेकराले."

आम्ही सगळ्यांनी ते रोज पाहिलं होतं! हा नवा पाहुणा नाकात येईपर्यंत त्यानं कुणाचं काही बिघडलंही नव्हतं. कोपरापर्यंत हात धुतलेले असायचे ते पहिल्या पाळण्यापाशी. पुढच्या पाळण्यांचं काय, हे आमच्यापैकी एकीच्याही डोक्यात आलं नव्हतं. प्रेमाला कोण तपासतं?

बाईंनी आपले दोन्ही हात समोर धरले. पालथे, मग उताणे. बराच वेळ बघत राहिल्या. "बरोबर," एवढंच म्हणाल्या आणि खाली बसल्या.

त्याच दुपारी त्या वॉर्डाच्या दारात उभं राहून मोठ्यानं म्हणाल्या, "तुमच्या लेकराइले माह्या हातानं झालं. त्या पोरीच्या नाई." आजीबाईंना ते पटलं नाही. "त्या पोरीले वाचवून राह्यल्या तुमी," म्हणाल्या. पण मेट्रनना पटलं होतं, आणि दुसऱ्या दिवसापासून पंचफुला पुन्हा कामावर आली. आजारी बाळाला नागपूरहून नवं औषध आणवलं. ते दूध प्यायला लागलं तेव्हा मी आणि मालतीनं व्हरांड्यात अक्षरशः फुगडी घातली. नव्या पुटकुळ्या थांबल्या त्या थांबल्याच.

बाईंनी मात्र त्या दारात पुन्हा पाऊल टाकलं नाही. नाकात मलम घातलं, औषधं घेतली. जंतू काही दिवस जायचा, परत यायचा. "जावाई होऊन बसला, मेला," म्हणायच्या. पण सकाळी राउंडच्या वेळी त्या मुद्दाम दुसऱ्या टोकाला, औषधांच्या खोलीत जाऊन काहीतरी मोजत बसायच्या. तिथं मोजण्यासारखं काही नसायचं. त्यांना तिथं बसलेलं बघून मला फार वाईट वाटायचं, अजून वाटतं. आमची परीक्षा झाली, पंचफुला चांगल्या मार्कांनी पास झाली आणि बाईंनी अकोल्याला बदली मागून घेतली. तिथं त्यांना फक्त वर्ग होते, वॉर्ड नव्हता.

योग असा की माझं सासर अकोल्याचं, जुन्या शहरातलं. आणि पंचफुलाही काही वर्षांनी तिथल्याच एका इस्पितळात आली, बाळंतिणींच्या वॉर्डाची सिस्टर म्हणून. माझी पहिली मुलगी तिच्याच हातावर झाली. पांढरी टोपी, कमरेला पट्टा, काय रुबाब होता तिचा!

बाईंना कुठून कळलं कुणास ठाऊक. सकाळची वेळ होती. मी खाटेवर पडलेली, पोरगी पाळण्यात, आणि बाहेर तो आवाज आला. अख्खा वॉर्ड जागा झाला! "कुठं हाये? कुठं हाये माही नात?" आनंदानं बाईंचं इतकं भान हरपलं होतं की चपला वाजवत त्या थेट दारापर्यंत आल्या.

पंचफुला धावत गेली आणि दाराच्या दोन्ही बाजूंना हात लावून आडवी उभी राहिली. मला तिची पाठ तेवढी दिसत होती.

"बाई, तुमाले आत येता येनार नाई."

सगळ्या बाळंतिणी, त्यांच्या आया, झाडूवाली, सगळ्यांच्या माना तिकडे वळल्या. 

"काहून?" बाईंचा आवाज आला.

 पंचफुला दारातून हलली नाही. "तुमी कॅरियर हाये, बाई."

 मग पंचफुला मागे फिरली, माझी पोरगी उचलून दारापाशी घेऊन गेली आणि हात लांब करून तिला उंच धरलं.  जरा वेळानं ती परत आली, पोरगी माझ्या कुशीत ठेवली, आणि नळ सोडून त्याच्यापाशी उभी राहून ढसाढसा रडली.

मला बाई दिसल्या नाहीत. त्यानंतरही कधी दिसल्या नाहीत. पुढच्याच उन्हाळ्यात त्या गेल्या, आणि मला कळेपर्यंत सगळं आटोपलं होतं. त्या सकाळी मी ऐकला तो फक्त त्यांचा आवाज, जिना उतरत जाणारा, वाटेत जो भेटेल त्याला, आयाला, पहारेकऱ्याला, खाली उभ्या टांगेवाल्यालासुद्धा थांबवून सांगणारा:

"पाह्यलं का, बापा? ते सिस्टर पाह्यली का वरची? माही विद्यार्थिनी होय ते! मले आत येऊ देलं नाई तिनं! मले!"